सगुणेने धरलेले उपरणे

आंबेखोरे गावाबाहेर, कुंभारआळीच्या वरच्या अंगाला टेकाडावर एक मठ आहे. दुधागीर महाराज उतारवयात तिथेच राहिले. दुखणाईतांचे नातलग अंगारा मागायला येत. महाराज अंगारा देत, पण आधी रोग्याला कोण उठवतो, कसा उठवतो, हे खोदून खोदून विचारीत. काहींना त्याचा कंटाळा येई. पण महाराजांपुढे बोलायची कुणाची छाती होती!

आळीतली सगुणा अशीच एकदा रडत आली. तिचा नवरा यशवंता अंगापिंडाने दांडगा, पण अर्धांगवायूने त्याची डावी बाजू लुळी पडली होती. अक्षय्य तृतीयेला नव्या घड्यातले पहिले पाणी महाराजांना देण्याचा मान त्याच्या घराचा. मागच्या वर्षी दौलत पैलवानाने त्याला पोत्यासारखा खांद्यावर टाकून मठात आणले आणि लोक खो खो हसले. तेव्हापासून यशवंताने भिंतीकडे तोंड केले होते. तो धड जेवतही नव्हता.

"महाराज, यंदा ते आपल्या पायानं आलं न्हाईत तर माझ्या हाताला लागायचं न्हाईत," सगुणा म्हणाली. "पर मी ही अशी काडी. मला कसं उचलायचं?"

"उचलायला तुला सांगितलंय कुणी?" महाराज म्हणाले. "उठायचंय त्यानं. तू फक्त पडू द्यायचं नाही."

महाराजांनी खांद्यावरचे उपरणे काढून तिला दिले आणि सगळे स्वतः करून दाखवले. उपरणे त्याच्या कमरेला घट्ट बांध. त्याच्या लुळ्या बाजूला उभी राहा, मागून उपरणे धर. लुळा हात कधी ओढू नकोस, खांदा निखळेल. आपले पाय फाकव, गुडघे वाकव, पाठ सरळ ठेव, त्याला अंगाजवळ घे. काठी त्याच्या धडक्या, उजव्या हातात. पायरी चढताना धडका पाय आधी.

सगुणा रोज यशवंताला अंगणात उभा करू लागली. आधी तो चिडे, मग थरथरे, मग हळूहळू दारापर्यंत जाऊ लागला. दौलत पैलवान मारुतीच्या देवळापुढचा दगडी गोटा उचलायचा व्यायाम करून घरी जाताना हमखास थांबायचा.

"वैनी, नवऱ्याला बैलागत दावं बांधलंस व्हय?" तो हसायचा. "ह्ये कशापायी? मी हाय की! एका दमात वर न्हेतो."

सगुणेच्या काळजाला घरे पडत. यशवंता मान खाली घाली. तरी तिने उपरणे सोडले नाही.

अक्षय्य तृतीया उजाडली. नवा घडा भरून मठात ठेवला होता. यशवंता काठी टेकत, सगुणेच्या आधाराने पायऱ्या चढू लागला. मागे लोक खोळंबले होते. दौलतला काही ते बघवेना.

"सर बाजूला!" म्हणत तो पुढे घुसला. आमच्याकडे गोटा असो, पालखी असो, जयघोष करायचा आणि हिसक्याने उचलायचे, ही जुनी खोड. दौलत कमरेतून वाकला, यशवंताचा लुळा हात धरला आणि "बजरंगबली की जय!" म्हणून हिसका दिला. त्याच क्षणी त्याच्या कमरेत सणक भरली आणि पैलवान पायरीवर आडवा झाला.

यशवंताचा तोल गेला. तो मागे कलला. खाली दगडी पायऱ्या होत्या. सगुणेने पाय फाकवले, गुडघे वाकवले, उपरणे दोन्ही हातांनी आवळून त्याची कंबर आपल्या कमरेशी ओढली. पण एवढा दांडगा माणूस! तिची बोटे सुटू लागली. "महाराज, धरा!" ती ओरडली.

आणि काय सांगावे! उपरण्याचा भार एकाएकी हलका झाला, पलीकडून कुणी धरावे तसा. सगुणेने वळून पाहिले. मागे कुणीही नव्हते. यशवंता काठीवर सरळ उभा होता. त्याने एक मोठा श्वास घेतला आणि धडका पाय वर टाकला.

महाराज सकाळपासून आपल्या आसनावर बसून होते, जागचे हलले नव्हते. यशवंताने घड्यातले पाणी उजव्या हाताने त्यांच्या ओंजळीत ओतले. त्याचे डोळे वाहत होते. सगुणेची नजर मात्र ओंजळीवर खिळली. महाराजांच्या दोन्ही तळव्यांवर कापड करकचून धरल्याचे लाल वळ उठले होते! तिला हुंदका आवरेना.

"बघत काय बसलीस?" महाराज म्हणाले. "तो खाली पडलाय ना?"

सगुणा यशवंताला बसवून, त्याच्या कमरेचे उपरणे सोडून घेऊन खाली दौलतकडे गेली. "भावजी, आदी कुशीवर वळा. आता गुडघ्यावर या. घाई न्हाई." तिने त्याच्या कमरेला उपरणे बांधले, यशवंताची काठी हातात दिली आणि त्याला सावकाश वर आणले. ते वळ पाहून दौलतचा चेहरा पडला. "माझं चुकलं, म्हाराज," म्हणत तो वाकू लागला.

"अरे थांब!" महाराज म्हणाले. "कमरेतून वाकलास तर इथेच मुक्काम होईल. गुडघ्यातून वाक."

पैलवान काठीच्या आधाराने गुडघे टेकत खाली गेला. महाराजांच्या पायांवर डोके ठेवताना त्याने मागे हात नेऊन कमरेचे उपरणे चाचपले.

"वैनी," तो म्हणाला, "दावं सोडू नगा."