चरकाचा झिजलेला शाफ्ट

लेथचं आणि मिलिंगचं काम एकाच दमात करणारं, संगणकावर चालणारं सीएनसी यंत्र घ्यावं की नाही, या विचारात शिरोली एमआयडीसीतले कारखानदार श्रीपाल मगदूम महिनाभर अडकले होते. शेवटी पुण्याहून यंत्र विकणाऱ्या कंपनीचे रायरीकर साहेब स्वतः आले.

"घ्या डोळे झाकून!" साहेब म्हणाले. "तीस वर्षं लेथवर उभ्या असलेल्या या मिस्त्रींना मग खुशाल घरी बसवा."

मगदुमांचा चेहरा पडला. ते स्वतः बाबालाल मिस्त्रींच्याच हाताखाली काम शिकले होते.

मिस्त्री आत गेले आणि गुऱ्हाळवाल्यानं सकाळीच आणून टाकलेला चरकाचा शाफ्ट घेऊन आले. "साहेब, हा करून देईल तुमचं यंत्र?"

"मापं घालायचाच अवकाश! हुबेहूब असाच निघेल. केसाचाही फरक पडणार नाही."

"मग नको," मिस्त्री म्हणाले. "हा झिजलाय, याची खाच रुंदावलीय, म्हणून तर आलाय आपल्याकडं. हुबेहूब असाच दिला, तर गुऱ्हाळवाला उद्या आपल्याच डोक्यात घालंल. नवा असताना हा कसा होता, ते यंत्राला सांगणार कोण?"

साहेबांनी शाफ्ट उलटसुलट करून पाहिला आणि मोकळेपणानं हसले.

आठवड्यानं त्यांचं नवं कोटेशन आलं, आणि मगदुमांनी यंत्र घेतलं. कारण यंत्रासाठी लागणाऱ्या गोष्टींच्या यादीत वीज, हवेचा दाब आणि पक्का पाया यांच्याखाली साहेबांनी स्वतःच्या हातानं लिहिलं होतं, "एक खुर्ची, आणि तिच्यावर बाबालाल मिस्त्री."