सुतारपक्ष्याचे भाडेकरू

माणसांनी कोर्टकचेऱ्या काढण्याच्याही आधी एका सुतारपक्ष्याने आपली ढोली पोपटाला उन्हाळ्यापुरती भाड्याने दिली. सुतारणीची अंडी घालायची वेळ आली, तरी पोपट हलेना.

"आपलं ठरलं होतं, राव."

"कोणासमोर?" जगाचे शब्द पाठ असलेल्या पोपटाने विचारले.

शेजारची साळुंकी म्हणाली, "भाऊजी, ठरवताना आम्हाला हाक मारायची."

"आपली ओळख कुठे होती?"

"खोडातून चोच काढाल तर होईल ना."

सुतारपक्ष्याने घाईघाईने सुतारणीसाठी दुसरी ढोली कोरली. पुढची ढोली खारीला देताना मात्र त्याने सगळ्या झाडाला फराळाला बोलावले आणि मुदत सर्वांदेखत ठरवली. खारीनेही मान डोलावली.

साक्षीला आलेला पिंगळा निघताना म्हणाला, "काम सुबक आहे. आम्हालाही एक कोरून द्या."