हरण्याचा लाभ

जिल्ह्याच्या शालेय हॉकीत गट पडतात ते पटसंख्येवर. विश्वदीप इंटरनॅशनलची फी ऐकूनच पालक पळ काढत, त्यामुळे शाळेचा पट छोटा आणि संघ दरवर्षी खालच्या गटात. मैदान मात्र हिरव्यागार टर्फचं आणि प्रशिक्षक थेट पंजाबचा! यंदा अंतिम सामन्यात त्यांनी नगरपालिका शाळेच्या मुलींना चौदा-शून्यने धुऊन काढलं. मुली रडवेल्या होऊन आपल्या क्रीडाशिक्षिका कुंदा वाघचौरे बाईंना म्हणाल्या, "बाई, उद्यापासून आम्ही खो-खोच खेळतो."

बक्षीस समारंभात विश्वदीपचे अध्यक्ष भाऊसाहेब घारपुरे माइकला चिकटले. "लोक म्हणतात, तुम्ही वरच्या गटात जा. अहो, बलाढ्य संघाकडून हरल्यावरच मुली घडतात! आम्ही या बिचाऱ्यांवर उपकारच करतोय."

आभार मानायचे ते हरलेल्या शाळेने, असा तिथला रिवाज. बाईंनी पदर खोचला आणि माइक हातात घेतला.

"साहेबांचे आभार मानावे तेवढे थोडेच. वाईट एवढंच वाटतं, की घडायचा हा सगळा लाभ साहेब आमच्याच पोरींना देतात. त्यांच्या स्वतःच्या पोरी बिचाऱ्या दरवर्षी नुसत्या जिंकतात. तेव्हा संयोजकांना विनंती, पुढच्या वर्षी विश्वदीपला वरच्या गटात घाला."

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला. भाऊसाहेब ताडकन उठले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "अहो बाई, तिथे आमच्या मुली हरतील ना!"

"हो ना साहेब," बाई गोड हसून म्हणाल्या, "घडू द्या की त्यांनाही."