भिकुशेटची हमी

सगुणा साळणीचा माग जळाला, आणि भिकुशेट सावकार म्हणाला, "वाईट झालं हो! पण भरून काही मिळायचं नाही!"

आता या माणसाला काय म्हणावं? सगुणा आणि मैना भडभुंजी दोघी त्याच्याच घराच्या मागच्या खोलीत राहायच्या. सख्ख्या नाहीत, चुलत नाहीत. भाडं वाटून घ्यायच्या, एवढंच नातं. "आग लागो, चोरी होवो, तुमच्या घरातलं सामान मी भरून देईन," अशी हमी भिकुशेटनं सगुणाला दिलेली. त्यापोटी दर महिन्याला तिनं विणलेला एक पंचा तो घेऊन जायचा. त्यात मात्र कधी चूक नाही हो!

मागे मैनाची लाह्या भाजायची कढई चोरीला गेली, तेव्हा हाच म्हणाला होता, "हमी सगुणाच्या घराची. मैना तिची कोण? परकी!" आणि आता मैनाच्या उसन्या कढईखालची ठिणगी मागावर उडाली, तर म्हणतो, "घरच्यानं जाळलं ते आपणच जाळलं!"

"माझ्यामुळं तुझं पोट गेलं गं," मैना रडली. मग डोळे पुसून सगुणाला घेऊन थेट राजाकडे गेली.

राजा पक्का हट्टी. त्यानं सावकाराला विचारलं, "घरचं कोण, हे कसं ठरवता?"

"सोपं आहे, महाराज! एका आढ्याखाली राहतो तो घरचा!"

"झालं तर! हमी सावकाराची, नियमही सावकाराचा," राजा म्हणाला. "मैना परकी आहे, हे सावकारानं स्वतःच्या तोंडानं म्हणावं, मग माग मिळेल. उद्या संध्याकाळपर्यंत. नाहीतर दोघींनी खोली सोडायची!"

"जीभ झडली तरी म्हणणार नाही!" भिकुशेट खुदकन हसला.

दुसऱ्या दिवशी भिकुशेटच्या नातवाचं बारसं. खुद्द राजा जेवायला. पंगत बसली आणि पदर खोचून मैना तुपाची तामली घेऊन हजर!

"तू गं कशी?" भिकुशेट दचकला.

"अहो, एकाच आढ्याखालचे ना आपण? घरच्या बाईला आमंत्रण कशाला?"

भिकुशेटनं डाव ओळखला. राजाकडे बघत तो गोड हसला. "बरोब्बर! घरचीच तू! वाढ, वाढ!"

मग काय विचारता! ज्या घरी तूप चमच्याच्या टोकानं वाढायचे, तिथं मैनानं पळीनं ओतलं. हात पुसायला, मैनाच्या पाठोपाठ आलेल्या सगुणानं कोठीतली पंच्यांची चळत काढून पाहुण्यांना वाटून टाकली. भिकुशेटनं ओठ चावले, पण 'परकी' काही म्हणाला नाही!

जेवणं उरकली, बाळ पाळण्यात घातलं. नाव ठेवायचं आत्यानं. पण भिकुशेटला लेकच नव्हती. आत्या नाही म्हणजे आत्याचा मानही द्यायला नको, म्हणून स्वारी खुशीत होती. तेवढ्यात मैना पाळण्यापाशी गेली.

"घरची लेक मीच की! बाळाची आत्या!" तिनं बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केलं आणि दोन्ही हात पुढे धरले. "बाबा, आत्याचा मान द्या! सोन्याच्या पाटल्या घेतल्याशिवाय मी नाव सांगायची नाही!"

"हो, हो! पाटल्याच!" पाहुण्यांनी गलका केला.

"कोण बाबा? कुणाची आत्या?" भिकुशेट ताडकन उठला. "तुझा नि माझ्या घराचा संबंध काय? परकी बाई तू! परकी! हो बाहेर!"

राजानं मिशीवरचं तूप पुसलं. "म्हणालात बरं, भिकुशेट."

"म... महाराज, मला परकी! सगुणाला घरचीच!"

"ते कसं?" मैना म्हणाली. "आढं तर एकच आहे!"

भिकुशेटनं हात जोडले. "बरं बाई, घरची! घरचीच तू! माझीही आणि सगुणाचीही!"

"मग चोरीला गेलेली माझी कढई भरून द्या, आणि पाटल्याही काढा!"

"नको, नको! परकी!"

"मग सगुणाचा माग द्या! बोला बाबा, मी आज कोण?"

राजा हसता हसता पाटावरून कलंडला. "अरे, याला कशाला विचारता? माझ्यासमोर हा दोन्ही म्हणालाय, दोन्हीची भरपाई देईल! माग आणि कढई आजच्या आज! आणि पाटल्या माझ्याकडून. सावकाराला लेक मिळाली, त्याचा आनंद नको का करायला?"

"पण नाव?" बाळाची आई पदराआड हसत म्हणाली. "आत्याबाई, नाव काय ठेवलंत?"

राजानं मागवून दिलेल्या पाटल्या मैनानं हातात चढवल्या आणि ती पाळण्यावर वाकली.

"हमीरराव!"