राणीने वाळत घातलेली सावली

एक होती राणी. तिला टापटिपीची भारी हौस, बरं का. एकदा काय झालं, तिला स्वतःची सावली मळकी वाटली. मग तिने ती धुतली, पिळली आणि दोरीवर वाळत घातली. चिमटा लावायचा तेवढा राहिला. वारा आला आणि सावली घेऊन गेला.

सावली गेली तशी राणी चपटी व्हायला लागली. आधी भाकरीएवढी जाड, मग पापडाएवढी. ती उडून जाऊ नये म्हणून राजाने तिच्या पदराला दगडी पाटा बांधला. पण वैशाखातली वावटळ यायची होती, आणि ती पाट्याला थोडीच जुमानते? राणीची मुलगी कुमुद फार घाबरली. आई उडून गेली तर आपली वेणी कोण घालणार, हेच तिच्या मनात येई.

अंगणातल्या जांभळीवर एक सुतारपक्षी राहायचा. त्याने चोचीने टोक काढून तिला एक पेन्सिल दिली. म्हणाला, आईच्या पायाशी फरशीवर सावली काढ, चिकटेल. टोक मात्र तीनदाच निघेल, मग पेन्सिल उरायची नाही.

मग कुमुदने काय केलं? पाटीवर अक्षर गिरवावं तशी जोर देऊन आईच्या आकाराची काळीभोर रेघ ओढली. आत सगळं कोरं. राणीने पाऊल उचललं तर ते रेघेला अडलं, कुंपणाला अडावं तसं. कुमुदने कणकेच्या गोळ्याने रेघ पुसली. टोक मोडलंच होतं.

पक्ष्याने पुन्हा टोक काढलं. या वेळी तिने सावली घासघासून काळीकुट्ट केली, वर बोटाने चोळली. ती इतकी जड झाली की राणीला पायच उचलवेना. तीही पुसली. पेन्सिल उरली करंगळीएवढी, आणि वेशीबाहेर धूळ उठायला लागली.

तिसरं टोक काढताना सुतारपक्षी म्हणाला, "सगळा वेळ फरशीकडेच बघतेस. आईकडे बघ की. ऊन कुठून येतंय?"

मग कुमुदने बघितलं. जांभळीची सावली बुंध्याशी गडद होती, पुढे जाता जाता फिकट. आईची डावी कंबर जराशी बाहेर आलेली होती. कुमुदला कडेवर घेऊन घेऊन ती तशी झाली होती. हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. तिला रडू आलं, पण रडायला वेळ नव्हता.

तिने पेन्सिल आडवी धरली. हलक्या हाताने तिरक्या रेघा, त्यांच्यावर पुन्हा रेघा. पायाशी दाट, पुढे विरळ. हात आणि कंबर यांच्यामधून ऊन येत होतं, तेवढी जागा पांढरीच सोडली. पेन्सिल संपली आणि वावटळ आली. पाटा उडाला, जांभळं उडाली, राजाचा फेटा उडाला. राणी होती तिथेच उभी राहिली.

मग ती भरत भरत पहिल्यासारखी झाली. तिने कुमुदला कडेवर घेतलं. फरशीवरच्या सावलीची कंबर आधीच थोडी बाहेर होती, तिथे कुमुदची सावली बरोब्बर बसली.

राणीने पुन्हा सावली धुतली नाही. सगळी सुखात राहिली. आता मी दिवा मालवते. तुमच्या सावल्याही दमल्यात, त्यांना निजू द्या आणि तुम्हीही डोळे मिटा.