दगडामागे भाकरी

डोंगरावरच्या त्या प्राण्यांच्या राज्यात सपाट जागा नव्हती आणि मातीला खाली जायची ओढ होती. दर वर्षी पेरणीआधी तिला थोपवून धरावं लागे. म्हणून प्रत्येक शेताला दगडी बांध होता, आणि बांध कुणी एकट्याने भरायचा नाही अशी रीत होती. ज्याच्या बांधाला तुम्ही दगड लावला, त्याच्याकडे नाचणीची भाकरी खाऊन जायचं. रुसवेफुगवे असले तरी हे चुकत नसे. उलट अबोला असलेले जरा मोठाच दगड उचलत.

मग सपाटीवरून रस्ता आला. गुळगुळीत अंगाचा, गोड बोलणारा, पाठीवर पांढऱ्या पिठाची पोती. मनाने तो वाईट नव्हता. डोंगराने त्याला जावयासारखं डोक्यावर घेतलं. तो दिसला की घरोघरी काळ्या भाकऱ्या टोपलीखाली झाकल्या जात. पाहुणा काय म्हणेल, ही धास्ती. पाहुणा काही म्हणणार नव्हता, त्याने ती भाकरी कधी पाहिलीच नव्हती. पुढे सगळे पांढरं पीठच खाऊ लागले आणि झाकायलाही काही उरलं नाही. शेतं पडीक झाली, आणि ज्या शेताचं खायचं नाही, त्याचा बांध भरायला कोण जातंय?

साळू नावाची एक म्हातारी साळिंदर तेवढी पेरत राहिली. तिचं शेत रस्त्याच्या अगदी वर होतं. त्या साली तिच्या बांधाला पोट आलं. पायाचा दगड निसटायच्या बेतात होता, आणि तो बसवायला दोघं लागतात. तो सुटला असता तर शेतही गेलं असतं. साळूने भाकऱ्या थापल्या आणि वरच्या अंगाला राहणाऱ्या शेकरूला बोलवायला गेली. शेकरू शेपटी विंचरत बसलं होतं.

"कशाला हाडं झिजवता, मावशी?" ते मायेनेच म्हणालं. "रस्ता आणतो ना सगळं."

"बरं, दगड राहू दे. भाकरी तरी खाऊन जा."

"पोट भरलंय हो."

साळू परतली. बांधापेक्षा तिला त्या भाकऱ्यांचंच जास्त वाईट वाटलं. गार होऊन त्या कडक झाल्या, तरी त्या दिवशी तिने एकही मोडली नाही.

पावसात आधी शेकरूचं पडीक शेत सुटलं. ती सगळी माती साळूच्या बांधावर येऊन बसली. बांधाने होता होईल तितकी धरली, मग पायाचा दगड निसटला. अर्धं शेत खाली गेलं आणि रस्ता कमरेपर्यंत गाडला गेला.

पोती यायची थांबली. सगळे प्राणी रस्त्याला उकरून काढायला लागले आणि साळू त्यांना भाकऱ्या पुरवत राहिली. कणगी खरवडायची वेळ आली. बियाण्याच्या मडक्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही, स्वतःलाही नाही. शेकरू मान खाली घालून खायचं. तिने त्याला एका शब्दाने दुखवलं नाही.

रस्ता मोकळा झाला. आता हा धावत पीठ आणायला जाईल, असं सगळ्यांना वाटलं. पण तो उभाच राहिला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वर पाहिलं. बांधाला मोठं खिंडार पडलं होतं आणि पायाचा दगड रस्त्याच्याच कुशीला पडलेला होता.

"हा कुठे बसतो?" त्याने विचारलं.

साळूने जागा दाखवली. एका बाजूने तिने, दुसऱ्या बाजूने त्याने, असा तो दगड दोघांनी नेटाने बसवला. मग साळू आत गेली. घरात शेवटची एकच भाकरी होती. ती झाकावी असं तिच्या मनातही आलं नाही.

रस्ता बांधाला पाठ टेकून बसला आणि सगळ्यांसमोर, शेवटच्या तुकड्यापर्यंत, ती काळी भाकरी त्याने खाल्ली. थोड्या वेळाने शेकरू उठलं, चिखलात उतरलं आणि आपल्याला उचलवेल असा दगड शोधू लागलं.