धनेशाचा उंबर

एका राज्यात अरिमर्द नावाचा राजा होता. तिथे चहा रानातच पिके. वर उंबर, फणस, खाली चहाची झुडपं. पाला बेताचा निघे. राजाला जास्त हवा होता. त्याने झाडं तोडून डोंगर उघडा करायचा हुकूम दिला.

हौसाई ही पानं खुडणारी म्हातारी. ती आडवी आली. म्हणाली, "महाराज, ढोलीचा उंबर तेवढा सोडा. आत धनेशाची मादी बसलीय."

धनेश पाखराची रीतच तशी. अंडी घालायला मादी ढोलीत शिरते, ढोलीचं तोंड आतून लिंपून घेते, चोचीपुरती फट ठेवते. नर बाहेरून फळं भरवतो.

पाखरासाठी राज्य थांबत नाही, असं राजाने सुनावलं. उंबर पडला. मादी पिलांसकट मेली.

तिसऱ्या दिवशी राजकन्या केतकीच्या पायांवर झाडाची साल चढली. दुपारी गळ्याशी आली. संध्याकाळी महालात एक खोड उभं होतं. त्याला बोटभर फट. आतून श्वास ऐकू येई.

धनेश कठड्यावर येऊन बसला. म्हणाला, "तुझ्या हातानं भरव. तुझ्या हातानं रान लाव. त्या डोंगरावर माझ्या जातीची मादी पुन्हा ढोलीत बसेल, तेव्हा ही सुटेल."

"नाही बसली तर?"

"फट मिटेल."

प्रधानाने शक्कल काढली. चहावर कापडी मांडव घातला आणि रानासारखी सावली झाली म्हणून राजाला कळवलं. फट अर्धी मिटली.

"कापडाला उंबरं लागत नाहीत, प्रधानजी," हौसाई म्हणाली.

मग राजा स्वतः निघाला. पलीकडच्या रानातून फळं आणी, फटीतून भरवी, बिया चहाच्या ओळींत पेरी. पावसाने दोनदा माती नेली. त्याने दगड रचून बांध घातले. झुडपांवर सुपाएवढंच ऊन पडावं, हे हौसाईने शिकवलं. माती मंतरलेली होती. झाड एका वर्षात दहा वर्षांचं होई.

बारा वर्षं गेली. फट काडीएवढी उरली. राजा फळ कुस्करून रस सोडी आणि कान लावी. श्वास कधी येई, कधी नाही.

एका सकाळी आत काहीच ऐकू आलं नाही. राजा कान लावून बसून राहिला. तेवढ्यात हौसाईचा सांगावा आला: मादीने ढोली लिंपली.

साल तडकली. केतकी बाहेर आली. समोरचा म्हातारा पाहून भ्याली, मागे सरली. राजाने हात पुढे केला. चिरा पडलेला, मातीने काळा झालेला. बारा वर्षं तिने फटीतून तेवढाच पाहिला होता.

"आबा," ती म्हणाली.

त्या डोंगरावर चहा पुन्हा रानात वाढू लागला. कुऱ्हाड न्यायची कोणाची छाती झाली नाही. राजाचीही नाही.